उमराव ओडोंचं काळीज

"पुढे या. टोपी काढा. कपाळ दगडाला टेकवा. नाक नाही हो, कपाळ! आता 'हे आमच्या स्वर्गातील बापा' एका श्वासात पूर्ण म्हणायचं. मध्ये श्वास घेतलात तर पुन्हा पहिल्यापासून."

त्या सकाळी हे माझं बावीस लोकांना सांगून झालं होतं. घसा बसला होता, भूक लागली होती आणि बाहेर अजून दहाबारा जण उचक्या देत उभे होते. मी सोळा वर्षांची होते. बर्गंडीतल्या मोंतारीच्या गढीची एकुलती एक वारस, धर्मयुद्धात देह ठेवलेल्या उमराव ओडोंची कन्या आगात. आणि माझं रोजचं काम काय, तर वडिलांच्या थडग्यावर परक्या लोकांच्या माना दाबून धरायच्या.

वडील पवित्र भूमीकडे निघाले तेव्हा मी पाच वर्षांची होते. सात वर्षांची झाले तेव्हा एक शिशाची पेटी घरी आली. त्या काळी रीतच होती तशी. उमराव परमुलखात गेला तर अख्खा देह आणणार कोण? मग त्याचं काळीज काढायचं, मीठमसाल्यात ठेवायचं आणि पेटीत बंद करून घरी धाडायचं. पेटीवर खिळ्याने कोरलं होतं, 'ओडो, मोंतारी'. आई आठ दिवस रडली आणि नवव्या दिवशी तिने पेटीवर थडगं बांधायला पाथरवटाला बोलावलं.

पाथरवटाने वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्याच्याकडे एका संताची मूर्ती अर्धवट पडून होती. गिऱ्हाईक पळालं होतं. तिच्याच हातात त्याने तलवार दिली, पायाशी कुत्रा बसवला, आणि माझ्या वडिलांना सरळ नाक, कुरळे केस आणि हनुवटीवर खळी मिळाली. मला ते फार आवडायचे. लोक निघून गेले की मी त्यांच्या दगडी खांद्याला टेकून बसायचे आणि दिवसभरातलं सगळं सांगायचे. कुठल्या शिलेदाराचे डोळे छान आहेत, तेसुद्धा. दगडी वडील कधी रागावले नाहीत.

उचक्यांचं खूळ सुरू झालं ते पर्नेलमुळे. ही म्हातारी गढीची बदकं राखायची आणि थडगं होतं त्या देवळात झाडू मारायची. एकदा एक गाडीवान आडोशाला आत आला, त्याला उचकी लागली होती. पर्नेल म्हणाली, "माझ्या पोराला लागायची तेव्हा मी त्याचं कपाळ चुलीच्या दगडाला टेकवायचे. इथे टेकव." गाडीवानाने थडग्याला टेकवलं, उचकी थांबली, आणि त्याने ते जत्रेत जाऊन सांगितलं. दुसऱ्या गावांचे संत आंधळ्यांना दृष्टी देतात, लंगड्यांना चालवतात. आमचे उमराव उचक्या थांबवायचे. तरी लोक यायचे, मेणबत्त्या आणायचे, अंडी आणायचे. एकाने डुक्कर आणलं होतं, ते देवळातच दोन मेणबत्त्या खाऊन गेलं.

पर्नेलचा तो पोरगा म्हणजे गारिन. तो वडिलांबरोबर मोतद्दार म्हणून गेला होता, घोडे सांभाळायला. त्याचं पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोतद्दारांच्या बातम्या कुणी धाडत नाही. म्हातारी रोज थडग्याभोवती झाडू मारत पुटपुटायची आणि यात्रेकरूंना वाटायचं, काय ही भक्ती! मी जवळ असायचे म्हणून मला नीट ऐकू यायचं. ती म्हणायची, "मेल्या, झोपलायस खुशाल दगड पांघरून. माझं पोर कुठे टाकून आलास ते सांग आधी."

तर त्या सकाळचा तेविसावा माणूस आत आला. टोपीखालून टक्कल दिसणारा, उन्हाने रापलेला, पुढचा एक दात गेलेला. काखेत एक खरबूज होतं, ते त्याने तान्ह्या बाळासारखं धरलं होतं. तो थडग्यावरच्या मूर्तीकडे बघत राहिला.

"हा कोण?" त्याने विचारलं.

"उमराव ओडो. माझे वडील. टोपी काढा."

"नाक असं... हुक्... नव्हतं."

"कुणाचं?"

"माझं."

मी त्याची मान धरली आणि कपाळ दगडावर आपटलं. जरा जोरातच आपटलं असेल. त्याने मुकाट्याने एका श्वासात प्रार्थना म्हटली, वर पाहिलं, आणि थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याचा चेहरा उजळला.

"थांबली! अगं, जहाजात बसल्यापासून लागली होती. तीन वैद्य झाले, दोन हकीम झाले. काय गुण आहे या थडग्यात!" आणि मग त्याला आठवलं. "पण मी तर मेलेलो नाही."

"असं म्हणणारे तुम्ही चौथे," मी म्हटलं. "स्वयंपाकघर डावीकडे आहे. आईला सांगा, आणखी एक आलाय."

खोटं नव्हतं ते. गढीची मालकीण विधवा आहे म्हटल्यावर हौसे गवसे येणारच. आई त्यांच्याशी वाद घालत नसे. समोर बसवायची, आचाऱ्याच्या हातचा रस्सा वाढायची आणि बघत राहायची. आमच्या आचाऱ्याचा हात मिठाच्या बाबतीत आखडता होता. पहिला तोतया म्हणाला होता, "वा, स्वर्ग!" दुसरा घास घेऊन रडला होता. तिसऱ्याने तीनदा वाढून घेतलं होतं. तिघांनाही आईने वाटेला लावलं होतं.

मी गंमत बघायला मागोमाग गेले. टकल्याने खरबूज मांडीवर ठेवलं, चमचा तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं.

"क्लेमांस, रश्श्यात मीठ नाही. अकरा वर्षांत तुला आचारी बदलता आला नाही?"

आईच्या हातातली पळी खाली पडली. ती उठली, त्याच्याजवळ गेली, त्याच्या टकलावर हात ठेवला आणि हुंदके देऊन रडली. मीसुद्धा रडले असते, पण मला काय झालंय तेच कळत नव्हतं. मग आईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "अहो, तुम्ही फार चुकीच्या दिवशी आलात."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या तुमच्या मरणावर शिक्का बसायचाय."

ते तिने मग सावकाश सांगितलं. शेजारच्या मठाला आमची गर्दी खुपत होती. त्यांनी बिशपांकडे तक्रार केली होती की मोंतारीचं काळीज अस्सल नाही. उद्या बिशपांचा तपासनीस येणार होता. त्याची खात्री पटली की चर्चच्या वहीत 'उमराव ओडो, धर्मासाठी देह ठेवला' अशी नोंद होणार, आणि तिच्याखाली लाखेचा शिक्का.

"एकदा तो शिक्का बसला," आई म्हणाली, "की तुम्ही कायमचे मेलात. मग पोपसुद्धा तुम्हाला जिवंत करणार नाही."

"छान!" वडील म्हणाले. "मग त्याच्यासमोर उभा राहतो आणि नाव सांगतो, झालं. क्लेमांस, नऊ वर्षं मी दमास्कसला एका अमीराच्या बागेत खरबुजं पिकवली. माणूस वाईट नव्हता तो. जेवायला घालायचा, सणाला कपडे द्यायचा. मुलाच्या लग्नात त्याने आम्हाला सगळ्यांना सोडून दिलं. पण नऊ वर्षं मला कुणी नावाने हाक मारली नाही. 'ए खरबूजवाल्या!' रोज झोपताना मी मनात म्हणायचो, मी ओडो, मोंतारीचा ओडो. विसरू नये म्हणून. मला दुसरं काही नको. हे नाव मोठ्याने सांगायचंय, एवढंच."

"ते सांगा हो. पण मग पेटीत काळीज कुणाचं आहे?"

वडिलांनी चमचा खाली ठेवला. "ते... ते नंतर सांगतो," ते म्हणाले आणि खरबुजावरची धूळ पुसायला लागले.

तेवढ्यात आमचे पाद्री, फादर ॲन्सेल्म, धापा टाकत आत आले. त्यांनी वडिलांना पाहिलं आणि क्षणात ओळखलं, कारण वडिलांनी त्यांच्याकडून एक घोंगडी उसनी नेली होती. फादर आधी आनंदाने ओरडले, मग घोंगडीबद्दल विचारलं, आणि मग उद्याची आठवण होऊन मटकन बाकावर बसले.

"तुम्ही जिवंत आहात म्हणजे पेटी खोटी," ते म्हणाले. "मठवाले म्हणतात तेच खरं झालं. देवळाला कुलूप लागेल. आणि पेटी उकरून बाहेर काढतील."

"काढून काय करतील?"

"खोट्या अवशेषांचं काय करतात? शिवेबाहेरच्या खड्ड्यात टाकतील. मेलेली कुत्री टाकतात तिथे."

वडिलांनी रश्श्याचं भांडं बाजूला सारलं. "कुत्र्यांच्या खड्ड्यात?" त्यांनी पुन्हा विचारलं. फादरनी मान हलवली. त्यानंतर वडील त्या दिवशी कुणाशी धड बोलले नाहीत.

मला त्यांचा भयंकर राग आला होता, तो मी लपवणार नाही. मी त्यांना तळ्यावर गाठलं. देवळाच्या भिंतीला लागूनच बदकांचं तळं होतं आणि ते तिथे काठावर बसून बदकं मोजत होते.

"तुम्ही मेलेलेच बरे होतात," मी म्हटलं.

"तुला मी आठवतो का गं?"

"नाही. मला तो आठवतो." मी देवळाकडे बोट केलं. "मी त्याच्याशी रोज बोलते. तो माझं सगळं ऐकतो. तुम्ही आलात आणि पहिलं काय बोललात? मीठ नाही!"

"दिसायलाही तो बरा आहे," वडील म्हणाले. ते चेष्टेने म्हणत होते असं मला वाटलं, पण त्यांचे डोळे भरलेले होते. "आगात, यातलं लंगडं बदक कुठलं? एक लंगडं बदक होतं ना पर्नेलचं?"

"ते कधीच मेलं," मी म्हटलं आणि पाय आपटत निघून गेले. अकरा वर्षांनी मुलीला भेटून माणूस बदकाची चौकशी करतो, याचा मला इतका अपमान वाटला की मी जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस फुल्बेर आले. काटकुळे, काळे, हातात वही. हसण्याची सवय नसलेला माणूस. देवळात शिरताच ते म्हणाले, "एक उचकीवाला आणा. माझ्यासमोर बरा करा."

आणि नेमका त्या दिवशी एकही उचकीवाला नाही! रोज रांगा लागायच्या. पण तपासनीस येणार म्हटल्यावर उगाच साक्षीला कोण उभं राहणार? सगळे आपापल्या घरी उचक्या देत बसले. फादर ॲन्सेल्म मागच्या खोलीत गेले आणि सुकी भाकर कोंबून, वर आंबलेली दारू पिऊन स्वतःला उचकी लावायचा प्रयत्न करू लागले. त्यांना नुसत्या ढेकरा आल्या. आईने आपल्या परीने वेळ काढला. "महाराज, लांबून आलात. आधी दोन घास खा."

इथे एक सांगायला हवं. मिठाबद्दल वडील जे बोलले ते आचाऱ्याच्या कानावर गेलं होतं आणि त्याच्या फार वर्मी लागलं होतं. त्या दिवशी त्याने रश्श्यात मीठ तर घातलंच, वर वर्षभर जपून ठेवलेली मिरीही सगळी ओतली. फुल्बेरनी पहिला घास घेतला. ते लाल झाले. दुसरा घास सभ्यपणाने गिळला. मग त्यांच्या तोंडून असा आवाज आला की दारातलं कुत्रं उठून बाहेर गेलं.

"हुक्!"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना हाताला धरून देवळात नेलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. "टोपी काढा," मी म्हटलं. "कपाळ. नाक नाही." बिशपांच्या तपासनिसाने वाकून एका श्वासात प्रार्थना म्हटली. दुसऱ्या ओळीवर श्वास घेतला म्हणून मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावली. उचकी थांबली.

ते उठले, झगा झटकला, वही उघडली. "उचकी थांबली, मान्य आहे. पण मला उचकीशी कर्तव्य नाही. काळीज कुणाचं आहे? पवित्र भूमीहून परतलेला एक माणूस काल इथे आलाय असं ऐकतो. त्याला आणा."

वडील आले. देवळात आम्ही मोजकेच होतो. आई, मी, ढेकरा दाबणारे फादर, आणि कोपऱ्यात नेहमीप्रमाणे झाडू मारणारी पर्नेल. वडिलांनी पर्नेलकडे पाहिलं, मग मूर्तीकडे, मग आईकडे. आईने नजर खाली घातली. सकाळीच तिने त्यांना सांगितलं होतं, "मी काही सांगणार नाही. नाव तुमचं आहे. तुम्ही ठरवा."

"नाव?" फुल्बेरनी विचारलं.

वडिलांनी तोंड उघडलं. आता सांगणार, मला वाटलं. नऊ वर्षं घोकलेलं नाव आता हा माणूस सांगणार. दगडी वडील गेले, देऊळ गेलं, सगळं गेलं.

"गारिन," वडील म्हणाले.

कोपऱ्यातला झाडू थांबला.

फुल्बेरनी शुभवर्तमानाचं पुस्तक पुढे केलं. वडिलांनी त्यावर हात ठेवला. त्या पुस्तकावर हात ठेवून ते खोटं बोलणार नाहीत, हे आईला माहीत होतं. ती पांढरी पडली होती.

"या पेटीतलं काळीज कुणाचं, तुला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. ही पेटी मी माझ्या हातांनी बंद केली. ज्याचं हे काळीज, तो मोंतारीहून निघाला होता आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेला."

"लढताना?"

"नाही. तापाने. आम्हाला वेढा पडला होता, पाणी संपलं होतं. विहीर वेढ्याबाहेर होती. तो तीन दिवस सरपटत जाऊन आमच्यासाठी पखाल भरून आणायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. चौथ्या दिवशी ताप चढला. त्याच्याइतका भला माणूस मी पाहिलेला नाही, शपथेवर सांगतो."

फुल्बेर भराभर लिहीत होते. "शेवटचे शब्द?"

वडील फुल्बेरशी बोलत होते, पण बघत होते कोपऱ्याकडे. "म्हणाला, मला घरी न्या. आईच्या बदकांचा आवाज ऐकू येईल अशा जागी ठेवा. आणि म्हणाला, ते लंगडं बदक वेगळं ठेवायला सांगा, बाकीची त्याला टोचतात."

बाहेर तळ्यावर बदकं नेहमीसारखी कलकलाट करत होती. फुल्बेरनी मान वर केली. "उमरावांच्या मातोश्री बदकं पाळत असत?"

"सासूबाईंना फार हौस," आई पापणीही न हलवता म्हणाली. माझी आजी बदकाला बघितलं तरी किंचाळायची.

"मरतानाही मुक्या प्राण्याची काळजी!" फुल्बेरनी डोळे पुसले. हसण्याची सवय नव्हती, पण रडता येत होतं त्यांना. त्यांनी वहीत नोंद केली, लाख वितळवली, शिक्का दाबला आणि रश्श्याची कृती लिहून घेऊन निघून गेले. माझे वडील कायमचे मेले.

घोड्यांचा आवाज विरला. पेटीत पर्नेलचा मुलगा होता. खरा गारिन. नऊ वर्षं आम्ही आमच्या मोतद्दाराच्या काळजापुढे उमराव म्हणून डोकं टेकवत होतो.

वडील पर्नेलसमोर गुडघ्यावर बसले. "तो जहाजाचा कप्तान फक्त उमरावांची काळजं न्यायचा," ते म्हणाले. "मोतद्दाराचं म्हटलं तर समुद्रात टाकलं असतं. म्हणून मी माझं नाव कोरलं. त्याने विचारलं, कुणाचं? मी म्हटलं, मोंतारीच्या ओडोंचं. तो म्हणाला, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. मी म्हटलं, आमेन. पुढच्या जहाजाने चिठ्ठी पाठवून सगळं कळवणार होतो. दुसऱ्याच दिवशी पकडला गेलो. पर्नेल, मी काल बोलायला हवं होतं. पण ती पेटी खड्ड्यात टाकतील म्हटल्यावर... त्याला मी शब्द दिला होता, घरी नेईन म्हणून."

पर्नेलने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती थडग्यापाशी गेली आणि तिने दगडावर हात ठेवला.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "नऊ वर्षं मी विचारतेय, माझं पोर कुठे टाकलंस. नऊ वर्षं शिव्या घालतेय. आणि तू हितंच? गधड्या, आईच्या शिव्या खात गप्प पडून राहिलास होय रे?"

मग ती दगडाला मिठी मारून रडली. आम्ही सगळेच रडलो. फादरना रडताना खरी उचकी लागली, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. मला एकदम आठवलं की मी त्या दगडाला काय काय सांगितलं होतं. शिलेदारांचे डोळे आणि सगळंच. ते सगळं गारिनने ऐकलं होतं, आणि त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. मी जाऊन वडिलांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या खांद्याला टेकले. तो दगडाइतका रुंद नव्हता, आणि त्याला खरबुजाचा वास येत होता.

आज मी सत्तरी ओलांडली आहे, आणि लोक मला विचारतात, आजी, तुम्ही पाहिलेलं सगळ्यात थाटाचं लग्न कुठलं? मी सांगते, माझ्या आईवडिलांचं. करवली मीच होते.

कारण करणार काय? उमराव मेले, त्यावर शिक्का होता. आई विधवा होती. गढीत एक परका पुरुष राहतो म्हटल्यावर मठवाले पुन्हा पत्रं लिहिणार. तेव्हा दूरदेशीचा शिलेदार गारिन आणि मोंतारीची विधवा यांचं लग्न ठरलं. गावातल्या निम्म्या लोकांनी वडिलांना ओळखलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी सांगितलं होतं, पण तोंड कुणी उघडलं नाही. त्यांचीही अंडीकोंबडी यात्रेकरूंना विकली जात होती. फादर ॲन्सेल्मनी दोन रात्री पुस्तकं चाळली आणि म्हणाले, "एकाच बाईशी दोनदा लग्न करणं पाप आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. मूर्खपणा आहे, पण पाप नाही." मात्र त्यांनी घोंगडी भरून मागितली.

अडचण आली ती वरमायेची. नवऱ्या मुलाच्या बाजूने कुणीच नव्हतं. मग पर्नेल स्वतःच पुढच्या बाकावर जाऊन बसली. "गारिन नाव लावतोय ना? मग आई मीच," ती म्हणाली. आणि तिने वरमाय म्हणून जे जे करायचं असतं ते सगळं केलं. मानाचं आसन मागितलं, रश्श्याला नावं ठेवली, दोनदा रुसली. पुढे जगली तेवढी वर्षं ती त्यांना तळ्यापलीकडून हाक मारायची, "गारिन! बदकं आत घे!" आणि मोंतारीचे उमराव हातातलं खरबूज टाकून पळायचे.

पण मला आठवतो तो लग्नाच्या दिवशीचा एक क्षण. वऱ्हाड आत शिरण्याआधी पर्नेलने वडिलांचा हात धरला आणि त्यांना थडग्यापाशी नेलं. त्यांनी टोपी काढली. तिने त्यांची मान धरली आणि कपाळ दगडाला टेकवलं. उचकी नव्हती तरी.

"बघ रे," ती आपल्या मुलाला म्हणाली. "तुला घरी आणायला यानं आपलं नाव दिलं. आता हा तुझं वापरणार आहे." मग तिने झाडूचा दांडा वडिलांच्या पाठीत हळूच टोचला. "नीट वापरतो की नाही, ते मी बघते."